प्रथमोपचारातील प्रमाणविचार : सर्पदंशविषयक उपदेशांची एक तपासणी

प्रथमोपचाराच्या पुस्तिकांची भाषा सर्वत्र एकाच घाटाची असते. 'पट्टी बांधा', 'अवयव हलवू नका', 'रुग्णास धीर द्या' अशी लहान लहान आज्ञार्थी वाक्ये एकाखाली एक मांडलेली असतात. ही आज्ञा कोणाची व कशाच्या आधारावर दिलेली, याचा उल्लेख त्यांत नसतो. संकटसमयी आधारांची चर्चा करीत बसणे कोणासच परवडणार नाही, म्हणून तो नसणे एका अर्थी योग्यही आहे. तथापि ज्यांस संकट नसताना विचार करण्याची सवड आहे, त्या अभ्यासकांनी या आज्ञांकडे निराळ्या दृष्टीने पाहणे अवश्य आहे. प्रत्येक आज्ञेच्या पोटात एक विधान दडलेले असते: 'असे केल्यास रुग्ण वाचण्याचा संभव वाढतो.' आज्ञा खरी किंवा खोटी असू शकत नाही. विधान मात्र खरे किंवा खोटे असते, आणि म्हणूनच ते तपासता येते. प्रस्तुत लेखात अशी तपासणी सर्पदंशाच्या बाबतीत करावयाची आहे.

प्रतिपाद्य मुद्दा आरंभीच सांगतो. घटनास्थळी करावयाची प्रत्येक कृती रुग्णाच्या हाती असलेल्या वेळातून काही मिनिटे खर्च करते. जी कृती अधिक मिनिटे खर्च करील, किंवा जिच्यात अपायाचा संभव अधिक असेल, तिच्याकडून तितकेच अधिक सबळ प्रमाण मागितले पाहिजे. प्रमाण देण्याचा भार कृती सांगणाऱ्यावर असतो, ती न करणाऱ्यावर नव्हे. हा निकष वरवर साधा दिसला, तरी प्रथमोपचाराच्या इतिहासात तो फार थोड्या वेळा पाळला गेला आहे.

१

विवेचनास एक निश्चित भूमी असावी म्हणून पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याचे लोणी देवकर हे गाव डोळ्यांसमोर ठेवू. पुणे-सोलापूर महामार्गावरील हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. परंतु आसमंत शेतीचा आणि मुख्यतः उसाचा आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय तालुक्याच्या उत्तर अंगास पसरला आहे. त्या पाण्याने जिरायत रानांचे रूप पालटले, ऊस आला, साखर कारखाने आले आणि गळिताच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या रानोरान उभ्या राहू लागल्या. उसाच्या फडात उंदीर असतात, उंदरांमागे साप येतात. रात्रपाळीच्या विजेवर पाणी धरणारा शेतकरी आणि कोपीत जमिनीवर निजणारे मजुराचे कुटुंब, दोघेही सापाच्या वाटेवरच असतात. महाराष्ट्रात माणसाच्या मृत्यूस मुख्यतः कारण होणारे साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

या संकटाचे प्रमाण किती, हेही ध्यानात घ्यावे. भारतातील मृत्यूंच्या विस्तृत पाहणीवर आधारलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली; म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,०००. त्याच मालिकेतील २०११ च्या निबंधात असे दिसून आले होते की, या मृत्यूंपैकी शेकडा ९७ ग्रामीण भागात घडतात आणि जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत त्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पविषबाधेचा समावेश उष्ण कटिबंधातील उपेक्षित रोगांच्या यादीत केला. 'उपेक्षित' हे विशेषण येथे दोन अर्थांनी लागू पडते. रोगी उपेक्षित आहेत, आणि त्यांना सांगितल्या जाणाऱ्या उपदेशांची परीक्षाही उपेक्षित राहिली आहे.

२

सर्पदंशावरील जुना उपदेश तीन क्रियांचा होता: दंशाच्या वर घट्ट बंध बांधणे, दंशस्थानी छेद घेणे, आणि विष चोखून काढणे. हा उपदेश पाश्चात्त्य पुस्तिकांतून आपल्याकडे आला असे समजण्याचा प्रघात आहे. पण वस्तुस्थिती तशी नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात हातापायास दंश झाला असता दंशाच्या वर चार अंगुळांवर बंध बांधावा असे सांगितले असून, त्या बंधास 'अरिष्टा' ही संज्ञा दिली आहे. चोषण, छेद आणि दाह हेही तेथे प्रशस्त मानले आहेत. पूर्वेकडील संहिता आणि पश्चिमेकडील पुस्तिका यांचे या त्रयीबाबत एकमत होते. दोन भिन्न परंपरा एकाच निष्कर्षावर येतात तेव्हा तो निष्कर्ष खरा असला पाहिजे, असे मन सहज मानते. परंतु दोघीही एकाच प्रकारच्या तर्कावरून तेथे आल्या असतील, तर त्यांच्या एकमताने पुराव्यात भर पडत नाही.

तो तर्क असा: विष दंशातून आत गेले, ते वर चढते, म्हणून वाट बांधावी, विष अजून जखमेत आहे, म्हणून जखम उघडून ते बाहेर काढावे. आपल्या प्रमाणशास्त्राच्या परिभाषेत हे अनुमान झाले. या लेखात शब्द, अनुमान, उपमान आणि प्रत्यक्ष या चार संज्ञा न्यायशास्त्रातील काटेकोर अर्थाने न वापरता पुढीलप्रमाणे योजल्या आहेत. ग्रंथाचा किंवा तज्ज्ञाचा अधिकार म्हणजे शब्द; कार्यकारणाच्या कल्पनेवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे अनुमान; प्राण्यांवर किंवा अन्य देशांत दिसून आलेली गोष्ट साम्यावरून आपल्याकडे लावणे म्हणजे उपमान; आणि माणसांतील उपचारित व अनुपचारित यांची तुलना करून मिळालेले ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष. जुन्या त्रयीच्या पाठीशी शब्द होता, अनुमान होते, प्रत्यक्ष नव्हते.

सुश्रुतसंहितेतील एका बारकाव्याची नोंद मात्र घेतली पाहिजे, कारण नंतरच्या पुस्तिकांनी तो गमावला. संहिता सापांचे दर्वीकर, मंडली व राजिमंत असे वर्ग करते. दर्वीकर म्हणजे फणाधारी, मंडली म्हणजे अंगावर मंडले असणारे, आणि राजिमंत म्हणजे रेषांकित. मंडली सापाच्या दंशावर डाग देऊ नये असा स्पष्ट निषेध तेथे आहे. त्याचे कारण पित्तप्रकोपाच्या परिभाषेत दिलेले असल्याने ते आज जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. तथापि सापाच्या जातीनुसार उपदेश बदलला पाहिजे, ही जाणीव त्यात आहे. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते व दंशाभोवतीचे मांस नासते. मण्यारीच्या विषाने स्नायू लुळे पडतात व श्वास थांबतो. भारतातील नाग दोन्ही करतो: लुळेपणा आणतो आणि दंशस्थानचे मांसही कुजवितो. इतकी भिन्न विषे असताना सर्वांस एकच घट्ट बंध सांगणारी पुस्तिका संहितेच्याही मागे गेली, असे म्हणणे भाग आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या त्रयीत एका रासायनिक द्रव्याची भर पडली. पोटॅशियम परमँगनेट परीक्षानळीत सर्पविषाशी मिसळले असता विष निकामी होते, हे दिसून आले होते. त्यावरून १९०४ साली लॉडर ब्रंटन, जोसेफ फेअरर आणि लेनर्ड रॉजर्स यांनी दंशस्थानी छेद घेऊन हे स्फटिक चोळण्याची पद्धत सुचविली. त्यासाठी पात्याच्या दुसऱ्या टोकास स्फटिक ठेवण्याची सोय असलेली लहान शस्त्रे हिंदुस्थानात वाटली गेली. फेअरर हे सामान्य गृहस्थ नव्हते. भारतातील विषारी सापांवरील त्यांचा १८७२ चा ग्रंथ आजही मान्यता पावलेला आहे. तरीही पद्धत टिकली नाही. परीक्षानळीत विष आणि औषध यांची गाठ खात्रीने पडते. मांसात खोल उतरलेल्या आणि पसरू लागलेल्या विषापर्यंत चोळलेले स्फटिक पोहोचत नाहीत, उलट ते मांसच जाळतात. परीक्षानळीतील सत्य आणि जखमेतील सत्य यांत जे अंतर आहे, ते अनुमानाने ओलांडता येत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

३

असे उपचार पिढ्यान्पिढ्या का टिकले? याचे उत्तर आपल्या परंपरेतील एका न्यायातच आहे. कावळा फांदीवर बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, तर कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे वाटते. सर्पदंशाच्या बाबतीत हा काकतालीय न्याय विशेष प्रबळ ठरतो. माणसास चावणाऱ्या सापांपैकी पुष्कळसे बिनविषारी असतात; विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. यामुळे दंश झालेल्यांपैकी बऱ्याच जणांस काहीही न करता बरे वाटणारच असते. अशा माणसाच्या दंडावर दोरी बांधली, जखमेवर कोंबडी लावली, त्यास कडुनिंबाचा पाला चारला किंवा देवळाच्या पारावर नेऊन निजविले, तरी तो बरा होतो, आणि यश दोरीस, कोंबडीस, पाल्यास व देवास मिळते. जो दगावतो त्याच्याविषयी 'वेळ झाला' किंवा 'आयुष्याची दोरीच तुटली' असे म्हटले जाते. यश उपायाच्या खाती जमा आणि अपयश दैवाच्या नावे, अशा हिशेबात कोणताही उपाय कधीच बुडीत निघत नाही.

यावर तोडगाही आपल्याच तर्कपरंपरेत आहे: अन्वय आणि व्यतिरेक. उपाय केला असता रुग्ण वाचला हा अन्वय. तो पुरेसा नाही. उपाय केला नाही तेव्हा तशाच प्रकारच्या रुग्णांचे काय झाले, हा व्यतिरेक तपासल्यावाचून कार्यकारण सिद्ध होत नाही. आधुनिक वैद्यकातील तुलनागट म्हणजे व्यतिरेकाचीच शिस्तबद्ध योजना. मांत्रिकाचा उपचार आणि आवळपट्टीचा उपदेश यांत वेष निराळा असला, तरी या कसोटीपुढे दोघांची स्थिती दीर्घकाळ सारखीच होती. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांचे उपचार करणे हा अपराध ठरविला, ते योग्यच झाले. परंतु ज्या पुस्तिकेने गंड्याऐवजी आवळपट्टी सांगितली, तिचे प्रमाण काय होते, हा प्रश्न त्याच न्यायाने विचारावा लागतो.

तो विचारला गेला तेव्हा उत्तरे प्रतिकूल आली. चोषणाची परीक्षा अमेरिकेत स्वयंसेवकांवर झाली व तिचा निबंध २००४ साली प्रसिद्ध झाला. किरणोत्सर्गी खूण असलेले कृत्रिम 'विष' त्यांच्या पायात टोचून बाजारात मिळणाऱ्या चोषणयंत्राने ते ओढून काढण्याचा प्रयत्न केला असता, यंत्रात रक्तमिश्रित द्रव आला, पण त्यात टोचलेल्या विषाचा अंश शेकडा ०.०४ एवढाच भरला. नजरेस काही तरी बाहेर आलेले दिसते, म्हणून विष बाहेर आले असे वाटते. हा दृष्टिभ्रम मोजमापाने उघडा पडला. बंधाच्या बाबतीत ब्राझीलमधील एका अभ्यासात (१९९८) तेथील खुळखुळ्या सापाने दंश झालेल्या, आवळपट्टी बांधलेल्या व न बांधलेल्या रुग्णांची तुलना करण्यात आली. बांधल्याने विषबाधेची तीव्रता कमी झाल्याचे आढळले नाही. अपाय मात्र सर्वत्र परिचित आहेत. रक्तपुरवठा तुटून अवयव कुजणे, नासणारे विष एकाच जागी साठणे, बंध एकदम सोडला असता विषबाधेची लक्षणे झपाट्याने प्रकट होणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. त्याखेरीज एक अपाय पुस्तिकांत लिहिलेला नसतो, तो म्हणजे बांधल्यावर वाटणारी निश्चिंतता. 'बांधले आहे, आता विष चढत नाही' या समजुतीने जो अर्धा तास जातो, तो दोरीपेक्षाही घातक ठरू शकतो.

४

जुनी त्रयी गेल्यावर तिच्या जागी काय आले? येथे परीक्षा अधिक नाजूक होते, कारण नवा उपदेश अंधश्रद्धेतून आला नसून प्रयोगशाळेतून आला. १९७९ साली ऑस्ट्रेलियातील स्ट्रुअन सदरलंड आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की, टायगर स्नेक या सापाचे विष टोचलेल्या माकडांच्या अवयवावर रुंद पट्टी माफक दाबाने गुंडाळून तो अवयव फळीने स्थिर केला, तर विष रक्तात पोहोचण्यास पुष्कळ विलंब होतो. रक्तवाहिनी न आवळता लसीकावाहिन्यांतून होणारा प्रवास रोखावयाचा, ही कल्पना खरोखर चतुर आहे. ऑस्ट्रेलियाने ती राष्ट्रीय प्रथमोपचार म्हणून स्वीकारली आणि जगातील अनेक पुस्तिकांनी तिचे अनुकरण केले.

परंतु हे उपमान आहे, तेही दुहेरी: माकडावरून माणसावर, आणि ऑस्ट्रेलियातील सापांवरून अन्य देशांतील सापांवर. ऑस्ट्रेलियातील घातक साप नागकुलातील असून त्यांच्या विषाने दंशस्थानी फारसा नाश होत नाही. लोणी देवकरच्या उसात घोणस आहे, आणि तिचे विष एका जागी दाबून धरणे म्हणजे त्या जागेचा नाश ओढवून घेणे ठरण्याची भीती आहे. शिवाय दाबाचा प्रश्न आहे. निरोगी माणसांवर केलेल्या १९९४ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले की, पट्टीचा दाब हातास ४० ते ७० आणि पायास ५५ ते ७० मिलिमीटर पारा या अरुंद मर्यादेत असला तरच लसीकाप्रवाह थांबतो, आणि माणूस चालू लागला तर पट्टी असूनही तो सुरू होतो. नंतरच्या चाचण्यांत असे आढळले की, शिकविल्यानंतरही सामान्य माणसे, इतकेच नव्हे तर डॉक्टरही, पुष्कळदा हा दाब बरोबर साधू शकत नाहीत. अंधाऱ्या बांधावर, फाडलेल्या लुगड्याच्या पट्टीने, घाबरलेल्या हातांनी तो साधेल अशी अपेक्षा करणे कितपत वास्तव आहे?

या मुद्द्यावर अधिकारी संस्थांतही एकवाक्यता नाही, हे विशेष लक्षणीय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाची २०१६ ची मार्गदर्शिका लुळेपणा आणणाऱ्या नागकुलीय दंशाचा संभव असेल तेथे दाबपट्टीकडे झुकते. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूत्रांत मात्र दाबपट्टीचा आग्रह नसून अवयव मोडला असता करतात तसा स्थिर करावा, एवढेच सांगितले आहे. म्यानमारमध्ये घोणसदंशासाठी दंशावर जाड गादीसारखी घडी दाबून बांधण्याचा प्रयोग माणसांत झाला व त्याचा अहवाल २००० साली आला. तो आशादायक असला, तरी लहान आहे. २०१६ साली सर्पदंशावरील प्रथमोपचारांच्या समग्र पुराव्याचा आढावा घेण्यात आला, तेव्हा पात्र ठरणारे अभ्यास अगदी मोजके, आणि त्यांतील पुरावाही दुबळ्या प्रतीचा असल्याचे निष्पन्न झाले. म्हणजे आज जे 'करा' म्हणून सांगितले जाते, त्यातील बराच भाग अद्याप अनुमानावर व उपमानावर उभा आहे. भारतीय सूत्रांतील 'अवयव स्थिर ठेवा' हा उपदेशसुद्धा अनुमानच आहे.

मग जुना उपदेश टाकावयाचा आणि हा स्वीकारावयाचा, यास आधार काय? येथेच आरंभी सांगितलेला निकष उपयोगी पडतो. कामटी लावून पाय उपरण्याने सैल बांधण्यास दोन मिनिटे लागतात, अपाय जवळजवळ नाही, आणि रुग्ण चालला नाही तर विषाचा प्रसार मंदावेल हे अनुमान लसीकाप्रवाहाच्या मोजमापाशी जुळते. अल्प खर्चाच्या व निरुपद्रवी कृतीस दुबळे प्रमाण चालू शकते. छेद, चोषण आणि आवळपट्टी यांस ते चालणार नाही. दाबपट्टीस घोणसीच्या प्रदेशात तरी अधिक प्रमाण मागावे लागेल.

५

सर्पदंशात निर्णायक उपचार एकच आहे: प्रतिविष. आल्बेर काल्मेत यांनी १८९० नंतरच्या दशकात ते सिद्ध केले, आणि परळच्या हाफकिन संस्थेमुळे ते मुंबईच्या परंपरेचा भाग झाले. ते रुग्णालयातच द्यावे लागते. म्हणून घटनास्थळापासून रुग्णालयापर्यंतचा वेळ हाच खरा प्रथमोपचाराचा विषय आहे. हे विधानही तपासले गेले आहे, आणि तेही व्यतिरेकासह. आग्नेय नेपाळच्या तराईत गावकऱ्यांना शिकवून स्वयंसेवकांच्या मोटारसायकलींवरून दंशितांस त्वरेने उपचारकेंद्रात नेण्याची योजना झाली. तिचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. रुग्णास चालक आणि मागे बसलेला साहाय्यक यांच्या मध्ये बसविले जाई. योजनेच्या गावांत दंशितांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा १०.५ वरून ०.५ वर आले. योजना नसलेल्या शेजारच्या गावांत तशी घट झाली नाही. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, तेव्हा तिच्या मर्यादा आहेतच. तथापि सर्पदंशाच्या कोणत्याही पट्टीच्या बाजूने एवढा ठळक पुरावा आजवर पुढे आलेला नाही. जी वस्तू पुस्तिकेच्या शेवटच्या ओळीत 'नंतर रुग्णालयात न्यावे' अशी येते, तीच खरी पहिली ओळ आहे.

'काहीही करू नका, पळा' असा या निकषाचा अर्थ कोणी काढू नये. दोन विरुद्ध उदाहरणे पाहू. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे, हा उपदेश सर्पदंशातील कोणत्याही पट्टीपेक्षा अधिक वेळ मागतो. परंतु २,४९५ भाजलेल्या मुलांच्या ऑस्ट्रेलियन नोंदींवरून २०२० साली दिसून आले की, असे पाणी मिळालेल्यांत त्वचारोपणाची गरज शेकडा ४० हून अधिक घटली होती. भाजल्याने सहसा वीस मिनिटांत प्राण जात नाही, आणि त्या मिनिटांचा मोबदला मिळतो. म्हणून तेथे थांबणे योग्य. दुसरे उदाहरण हृदय बंद पडण्याचे. छातीवर दाब देण्याची पद्धत १९६० साली बाल्टिमोर येथून प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यामागे केवळ वीस रुग्णांचा अनुभव होता. २०१५ साली स्वीडनमधील ३०,३८१ घटनांच्या अभ्यासात, रुग्णवाहिका येण्यापूर्वी हा उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा १०.५ जण तीस दिवसांनंतर जिवंत होते. न मिळालेल्यांपैकी शेकडा ४.०. येथे घटनास्थळावरची कृती हाच उपचार आहे. रुग्णालयाकडे पळणे हाच विलंब. उजनीच्या पाण्यात बुडालेल्याच्या बाबतीत तोंडाने श्वास देण्यासही तोच न्याय लागू आहे. तीन संकटे, तीन निराळी उत्तरे. निकष मात्र एकच.

६

एक आक्षेप विचारात घेणे उचित होईल. पुरावा नाही म्हणजे उपयोग नाही असे सिद्ध होत नाही. आणि माणूस डोळ्यांदेखत तळमळत असता आप्तांच्या हातांस काही काम देणे, हेही एक मूल्य आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेपाचा दुसरा भाग खरा आहे. म्हणूनच केवळ निषेधांची यादी देणारी पुस्तिका अपुरी ठरते. 'बांधू नका, कापू नका, चोखू नका' एवढेच ऐकणारा माणूस शेवटी काही तरी बांधतोच. हातांस काम द्यावयाचे तर ते निरुपद्रवी द्यावे: सूज येण्यापूर्वी अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण काढणे, कामटी लावणे, रुग्णास उचलणे, दंशाची वेळ ध्यानात ठेवणे.

भारतीय सूत्रांतील स्मरणसंकेतावरही येथे टीका करणे भाग आहे. 'डू इट राइट' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांत धीर देणे, अवयव स्थिर करणे, रुग्णालयात नेणे आणि वाटेत दिसलेली लक्षणे डॉक्टरास सांगणे या चार गोष्टी बसविल्या आहेत. आशय योग्य आहे. पण हा संकेत मराठीत उतरत नाही, आणि ज्याच्या पायास मण्यार डसते त्या मजुरास तो कधीच पाठ होणार नाही. यातील शेवटची गोष्ट तर सर्वांत अधिक दुर्लक्षित आहे. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, खूणही राहत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, आणि घरचे लोक ते अपचन समजतात. पापणी केव्हा पडू लागली, बोलणे केव्हा अडखळले, लघवीस लाल केव्हा झाली, हे सांगणारा नातेवाईक हाच डॉक्टरचा पहिला साक्षीदार असतो. साप मारून आणण्यात वेळ घालविण्याची मात्र गरज नाही. भारतातील प्रतिविष वर उल्लेखिलेल्या चारही सापांवर एकत्र चालते, आणि मारलेल्या सापाचे डोकेही चावू शकते.

७

पुरावा नेहमी दूर देशीच्या प्रयोगशाळेतून यावा लागतो, हा समज सोडून देण्यास महाराष्ट्रातच एक आधार आहे. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने होणारे मृत्यू हृदयाच्या विकाराने होतात हे रुग्णशय्येजवळ बसून ओळखले, आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे औषध त्यावर वापरले. १९८० नंतरच्या दशकात त्यांचे लेखन 'लॅन्सेट'मध्ये आले. तेथेच ते थांबले असते, तर त्यांच्या अनुभवावरही काकतालीय न्यायाचा आक्षेप घेता आला असता. परंतु २०११ साली त्यांनी व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी ७० रुग्णांची चिठ्ठीपद्धतीने विभागणी करून प्राझोसिन एकटे आणि प्राझोसिनसह विंचवाचे प्रतिविष यांची तुलना केली. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात शेकडा ९१.४ आणि पहिल्या गटात शेकडा २२.९ निघाले. ज्या औषधामुळे स्वतःची कीर्ती झाली, त्याचीच मर्यादा स्वतःच्या चाचणीने दाखवून देणे, ही संशोधनातील नीतीची कसोटी होय. ही चाचणी राजधानीतील संस्थेत न होता तालुक्याच्या गावी झाली, हे विशेष.

हेच काम इंदापूर व बारामती तालुक्यांत सर्पदंशाविषयी होऊ शकते. बारामतीस २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे राज्यांस सुचविले. या नोंदीत दंशाची वेळ, रुग्णालयात पोहोचण्याची वेळ, मध्ये काय काय केले, कोणत्या वाहनाने आणले आणि शेवट काय झाला, एवढी पाच सदरे असली व ती प्रामाणिकपणे भरली गेली, तर पाच पावसाळ्यांत आपल्याच मातीतला अन्वय-व्यतिरेक हाती येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधासाठी याहून जवळचा आणि अधिक निकडीचा विषय मिळणे कठीण आहे.

तोपर्यंत पुस्तिका लिहिणाऱ्यांनी निदान एवढे करावे. प्रत्येक आज्ञेच्या मागे कोणते प्रमाण आहे, याची टीप शिक्षकांच्या प्रतीत द्यावी. आणि गावकऱ्यांच्या प्रतीत पुढील क्रम ठेवावा. आधी वाहन बोलवा, मग बाकीचे. रुग्णास चालवू नका, उचला. अंगठ्या, जोडवी काढा, कामटी लावा, घट्ट काही बांधू नका. कापू नका, चोखू नका. वेळ पाहून ठेवा, आणि वाटेत जे दिसेल ते डॉक्टरास सांगा. यांतील पहिल्या ओळीमागे आज प्रत्यक्ष आहे. कामटीमागे अनुमान आहे. आवळू-कापू-चोखू नये या निषेधांमागे मोजमाप आणि तुलना आहे. ही प्रतवारी ध्यानात ठेवली, तर उद्या नवा पुरावा आला असता कोणती ओळ बदलावयाची आणि कोणती राखावयाची, याचा निर्णय अधिकाराच्या बळावर न होता प्रमाणाच्या बळावर होईल.